उपास, नवस आणि कॉलटाइम

मुंबईत नव्याने आलेल्या नटनट्यांची पत्रं या वेळी बरीच आहेत. ऑडिशन कशी द्यावी असं विचारणारी त्यात थोडीच. उपासाच्या दिवशी बारा तासांची शिफ्ट कशी काढायची, हातातला दोरा काढावा लागेल का, नवसाच्या केसांचं काय करायचं, असं विचारणारी जास्त. अभिनयाच्या वर्गात हे कुणी शिकवत नाही आणि सेटवर विचारायला संकोच वाटतो. म्हणून उत्तरं जरा तपशिलात देत आहोत.

प्रश्न : मालिकेत पहिलंच काम मिळालंय. मी मार्गशीर्षातले गुरुवार आणि दोन्ही एकादश्या करते. शिफ्ट सकाळी ९ ते रात्री ९. सेटवर उपासाचं मिळतं का? साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दुपारी डोळे मिटायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत आवाज जड होतो. — एक वाचक, कराड (सध्या मीरा रोड)

मिळतं, फक्त आदल्या रात्री सांगायला हवं. दुसऱ्या दिवसाचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, रात्री व्हॉट्सॲपवर येतो. त्याला उत्तर देतानाच प्रॉडक्शनच्या माणसाला ‘उद्या माझा उपास आहे’ असं लिहून टाका. केटररचा स्वयंपाक पहाटे सुरू होतो. तोवर निरोप पोचला तर उपासाचं पातेलं वेगळं चढतं. सकाळी अकराला सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांना सांगितलंत तर ते बिचारे वेफर्स आणि केळी आणून देतील, त्यापलीकडे त्यांच्याही हातात काही नसतं. मराठी मालिकांच्या सेटवर चतुर्थी, गुरुवार, एकादशी करणारे नेहमीच असतात, त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. हिंदी युनिटमध्ये मात्र काय चालतं आणि काय चालत नाही ते नीट सांगा. तिकडे शिंगाड्याच्या आणि कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या येतात आणि त्या तळलेल्या असतात.

आता साबुदाणा. त्यात जवळजवळ सगळं पिष्ट, प्रथिनं नावाला. वर तूप, बटाटा, दाण्याचा कूट. रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तशीच उतरते, म्हणून लंचब्रेकनंतर पेंग येते. आवाजाचं कारण दुसरं आहे. रिकाम्या पोटी तीन-चार चहा, मग जड खाणं आणि लगेच मेकअप रूममध्ये आडवं होणं, यामुळे पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि स्वरयंत्राला सूज येते. सारखं खाकरावंसं वाटत असेल तर ही त्याचीच खूण.

खाणं असं वाटून घ्या. घरातून निघताना कपभर दूध आणि त्यात दोन मुठी राजगिऱ्याच्या लाह्या, किंवा एक केळं आणि पाच-सहा बदाम. अकराच्या सुमाराला जिरं आणि सैंधव घातलेलं ताक. दुपारी वाटीभर वरी, दाण्याची आमटी आणि दही. पाचला उकडलेलं रताळं किंवा राजगिऱ्याच्या दोन वड्या. डब्यासाठी वरी शिजवताना एका वाटीला तीन वाट्या पाणी घाला. दोन-अडीच वाट्यांत केलेली वरी घरी मोकळी दिसते, पण दुपारपर्यंत तिचा गोळा होतो. दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी घोट घोट प्या. चहा दोनच कप, तोही काहीतरी पोटात गेल्यावर. जेवल्यावर निदान दोन-तीन तास पाठ टेकू नका.

शिफ्टच्या दिवशी निर्जळी उपास करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नऊवारी, खोपा, दागिने आणि वरून दिवे. यात घामावाटे जाणारं पाणी भरून निघालं नाही की आधी तोंड कोरडं पडतं, मग संवाद अडखळतात, मग चक्कर येते. आपल्या धर्मशास्त्रातही याची सोय आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, गुरूचा शब्द आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असा जुना दाखला महाभारतात आहे. हरतालिकेसारखा निर्जळी उपास घरच्या रीतीने करायचाच असेल तर त्या दिवशी तुमचे सीन कमी ठेवता येतील का, हे आठवडाभर आधी विचारा. मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच उपास शिफ्टवर नको.

राहता राहिला जेवणाचा सीन. तो उपासाच्या दिवशी येतोच. आधी सगळ्यांचा मास्टर शॉट, मग एकेकाचे क्लोजअप, आणि प्रत्येक वेळी तोच घास त्याच शब्दावर उचलायचा. आदल्या दिवशी आर्टच्या माणसांना सांगा. ताटात भाताऐवजी वरी वाढली तर कॅमेऱ्याला फरक कळत नाही, बटाट्याची भाजी उपासाची करता येते. शाकाहारी नटासाठी मटणाच्या रश्शात सुरण किंवा कच्चा फणस घालतात. घास हरभऱ्याएवढाच घ्या, म्हणजे संवाद अडत नाही. ‘कट’ झाल्यावर घास टाकायला टेबलाखाली वाटी मागून घ्या. अनुभवी नटही मागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : रमजानमध्ये शूटिंग आहे. रोजे सोडायचे नाहीत. युनिटला काय आणि किती सांगावं? — एक वाचक, मिरज

पहिल्या असिस्टंट डिरेक्टरला रमजान सुरू होण्याआधीच सांगा. नुसतं ‘रोजा आहे’ एवढ्याने त्यांचं काम होत नाही. त्यांना नेमकी वेळ हवी असते. रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर मुंबईत सूर्यास्त साधारण पावणेसातच्या आसपास असतो आणि हीच पॅकअपच्या आधीची घाईची वेळ. इफ्तारला पंधरा मिनिटं मागून ठेवा, आणि त्या वेळी शॉट चालूच राहिला तर म्हणून खजूर आणि पाण्याची बाटली ड्रेसदादांकडे देऊन ठेवा. मारामारी, धावणं, नाच असे सीन सकाळच्या भागात घेता येतील का ते विचारा. बहुतेक वेळा घेतात, कारण दुपारनंतर थकलेल्या नटाचे रिटेक त्यांनाही नको असतात. ओठ दुपारपर्यंत फुटतात आणि लिपस्टिकच्या खाली ते दिसतं, म्हणून सहरीच्या वेळीच ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावा. रडण्याच्या सीनला डोळ्यांत ग्लिसरीन घालतात. ते तुम्हाला चालेल की नाही हे मौलानांना आधी विचारून ठेवा, सेटवर ऐनवेळी वाद नको. शुक्रवारी लंचब्रेक जुम्म्याच्या नमाजशी जुळवून मिळतो का, हेही त्याच बोलण्यात उरकून घ्या.

प्रश्न : मनगटात कुलदेवतेचा दोरा, गळ्यात रुद्राक्षाची माळ. लूक टेस्टला, म्हणजे पात्राचा वेश-मेकअप ठरवताना, दोन्ही काढा म्हणाले. दोरा काढायचा नाही असं घरी सांगितलंय. काय करू? — एक वाचक, तुळजापूर

दोन्ही वस्तूंची अडचण वेगवेगळी आहे. त्यांना तुमच्या श्रद्धेशी वैर नाही, हे आधी मनाशी धरा.

माळेची अडचण आवाजाची. हल्ली बहुतेक ठिकाणी संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित होतात. कपड्याच्या आत, छातीच्या मधल्या हाडाशी, हरभऱ्याएवढा माइक चिकटवतात. रुद्राक्षाचे मणी, ताईत, कधी कधी जानवंसुद्धा त्यावर घासलं की हेडफोनमध्ये खरखर ऐकू येते. तुम्हाला ती ऐकू येत नाही, म्हणून सांगणारा उगाच त्रास देतोय असं वाटतं. उपाय सोपा आहे. माळ लहान करून गळ्यालगत घ्या, किंवा मायक्रोपोर पट्टीने दोन ठिकाणी त्वचेला चिकटवून माइकपासून चार बोटं लांब ठेवा. तेही जमत नसेल तर माळ कापडी पिशवीत घालून कमरेला बांधा. फक्त पाठीमागे मणक्यापाशी नको, तिथे माइकचा ट्रान्समीटर असतो. ताईत दंडावर बांधला की प्रश्नच उरत नाही.

दोऱ्याची अडचण कंटिन्युइटीची. एकाच दिवसाची गोष्ट सांगणारे सीन कधी कधी तीन आठवड्यांच्या अंतराने चित्रित होतात. पहिल्यात लालभडक दोरा आणि पुढच्यात विटलेला, किंवा दोराच नाही, हे संकलनाच्या टेबलावर लगेच दिसतं. दोरा ठेवायचा असेल तर लूक टेस्टच्याच दिवशी बोला. ‘या पात्राच्या हातात दोरा असू शकतो का?’ असं विचारा. गावाकडच्या, श्रद्धाळू पात्राला तो शोभतोही, आणि पुष्कळदा होकार मिळतो. तसं ठरलं तर त्याच रंगाचे दोन दोरे जादा ठेवा आणि गाठ कुठल्या बाजूला येते त्याचा फोटो मोबाइलवर काढा. पात्र पेशवाईतलं असेल किंवा कॉर्पोरेट ऑफिसातलं, तर दोरा घोट्यावर किंवा दंडावर बांधा. त्वचेच्या रंगाची पट्टी लावून मनगटावरचा दोरा झाकायचा प्रयत्न बरेच जण करतात. क्लोजअपमध्ये ती पट्टी जखमेसारखी दिसते.

दोरा कापायचा नसेल तर बांधतानाच एक बोट आत जाईल इतका सैल ठेवा, म्हणजे न कापता हातातून सरकवून काढता येतो. अंघोळीनंतर तो कोरडा करा. ओल्या दोऱ्याखाली घाम साचून पुरळ उठतं आणि मग मेकअपदादांचं काम वाढतं. हीच सूचना मंगळसूत्र घालणाऱ्या नट्यांनाही. पात्र अविवाहित असेल तर ते काढून पर्समध्ये ठेवू नका. छोट्या कापडी पिशवीत घालून ती पिशवी आतल्या बाजूने पिनेने अडकवा. मेकअप रूममध्ये दिवसभर माणसांची ये-जा असते.

प्रश्न : मालिकेत काम मिळालं तर तिरुपतीला केस देईन असा नवस बोललो होतो. काम मिळालं, पण भूमिका खांद्यापर्यंत केस असलेल्या तरुणाची. नवस लांबला तर वाईट होईल असं आई म्हणते. — एक वाचक, सोलापूर

करारात पाहा. परवानगीशिवाय केस, दाढी, वजन यांत बदल करायचा नाही असं कलम बहुधा असतं, आणि सही केल्यावर मुंडण केलंत तर काम जाईल, वर भरपाईही मागतील. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंत परत यायला दोन वर्षांहून अधिक लागतील. एवढं थांबायला कुठलीच मालिका तयार होणार नाही.

नवस मोडावा असं मात्र आम्ही म्हणत नाही. त्याला दोन मार्ग आहेत. मुदत वाढवून मागण्याची रीत आपल्याकडे गावोगावी आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, नवस कधी फेडू ते बोलायचं आणि तो नारळ लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवायचा. नवस फेडायला जाताना तो सोबत न्यायचा. हे आईंच्या हातूनच होऊ द्या, त्यांची धाकधूक त्यानेच कमी होईल. दुसरा मार्ग तिरुमलाचाच. तिथे पूर्ण मुंडणाऐवजी तीन कातरी केस देण्याचीही प्रथा आहे, विशेषतः बायका असे केस देतात. मानेवरच्या खालच्या थरातून ते घेतले तर कॅमेऱ्याला कळत नाही. केस देण्याची व्यवस्था कल्याणकट्टा इथे आहे आणि ती मोफत आहे, पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नका. मालिकेतला तुमच्या पात्राचा ट्रॅक, म्हणजे कथानक, संपला की पूर्ण केस द्या.

याच संदर्भात, कुणी विचारलं नसलं तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. घरात मृत्यू झाला आणि क्षौर करायचं असेल तर गावी निघण्याआधी प्रॉडक्शनला फोन करा. लपवून, टोपी घालून सेटवर जाऊ नका. वेळेत कळलं तर लेखक तुमचं पात्र बारा-पंधरा दिवस बाहेरगावी पाठवतात आणि तोवर विग करून घेतात. विगचं माप क्षौर झाल्यावरच द्या : डोक्याचा घेर, एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत, आणि कपाळाच्या केसांच्या रेषेपासून मानेपर्यंत. केस असताना घेतलेलं माप सैल बसतं आणि मान वळवली की विग सरकतो. नुकत्याच वस्तरा फिरलेल्या त्वचेवर विगचा गोंद झोंबतो, म्हणून आत पातळ टोपी मागा. क्षौर करायचं की नाही, हे मात्र तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनीच ठरवायचं. त्या दिवसांत युनिटमधल्या कुणीही त्यासाठी दबाव आणला तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : मंगळवारी सिद्धिविनायकाला जाऊन अकराच्या ऑडिशनला वर्सोव्याच्या आरामनगरात पोचता येईल का? — एक वाचक, वाशीम

पहाटे गेलात तर येईल. मंगळवारी मंदिर नेहमीपेक्षा लवकर उघडतं. पहिल्या लोकलने दादरला उतरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. सातनंतर रांग वाढत जाते आणि किती वेळ लागेल याचा भरवसा राहत नाही. परतताना मेट्रो ३ चं सिद्धिविनायक स्थानक गाठा, मरोळ नाक्याला मेट्रो १ पकडा आणि वर्सोव्याला उतरा. पुढे रिक्षा. दर्शन झाल्यावर ऑडिशनसाठी दोन तास हातात राहतील असं पाहा. एक कपड्यांचं लक्षात ठेवा. २०२५ पासून मंदिरात तोकड्या, अंगप्रदर्शन करणाऱ्या कपड्यांना मनाई आहे, तेव्हा ऑडिशनचे कपडे पिशवीत न्या आणि अष्टगंध पुसूनच कॅमेऱ्यासमोर उभे राहा. त्या पात्राला गंध नसेल तर तो पुसण्यात देवाचा अपमान नाही. हाजीअलीला जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ पाहून निघावं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. माहीमच्या सेंट मायकल चर्चचा नोव्हेना बुधवारी असतो, त्या दिवशी त्या रस्त्यावरची वाहतूक रात्रीपर्यंत तुंबलेली असते.

प्रश्न : खोली शोधतोय. फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा. खोलीत तथागत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावणार आहे. हे आधी सांगू की नंतर? — एक वाचक, नांदेड

आधी सांगा, पहिल्याच फोनवर. आडनावावरून खोली नाकारणं ही नीच गोष्ट आहे आणि या शहरात ती आजही घडते. पण भाडेकरार नोंदवताना आधारवरचं नाव लागणारच. लपवून खोली घेतलीत आणि महिन्याभरात बाहेर काढलं, तर दलाली बुडते आणि अनामत परत मिळवण्यात ऑडिशनचे दिवस जातात. जिथे पहिल्या फोनवर स्वच्छ ‘चालेल’ येतं तिथेच पाऊल टाका. दलालापेक्षा नाटकाच्या ग्रुपमधून, तालमीच्या हॉलवरून चौकशी केलीत तर असं घर लवकर मिळतं. आधी राहणाऱ्याला घरमालक माहीत असतो.

पैसे देण्याआधी एवढं पाहा. करार ११ महिन्यांचा आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती घरमालकाची जबाबदारी आहे. अनामत बँकेतून द्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली का ते विचारा. आणि ‘शूटिंगमुळे रात्री एक-दीडला येईन’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून त्यावर होकार मिळवा. कलाकारांना घर सोडायला लावण्याची तक्रार बहुतेक वेळा याच मुद्द्यावरून होते.

तसबिरीसाठी भिंतीत खिळा ठोकू नका, अनामतीतून रंगाचे पैसे कापतात. चिकट हुक एक-दीड किलोपर्यंत वजन धरतो, पण पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरून तो सुटतो. त्यापेक्षा फळीवर उभी ठेवा. दिवा लावणाऱ्या सहनिवासींसाठीही सांगतो : फुलवात आणि लहान चमचाभर तूप घातलेलं निरांजन वीस मिनिटं ते अर्धा तास चालतं. तेवढा वेळ खोलीत असाल तेव्हाच लावा. सहाला निघायचं असेल तर अंघोळीनंतर लगेच लावा आणि निघताना फुलाने शांत करा. प्लायच्या कपाटात, पडद्याखाली, पंख्याच्या झोतात निरांजन नको. उदबत्तीने कुणाला धाप लागत असेल तर ती खिडकीत लावा. निर्माल्य महापालिकेच्या निर्माल्य कलशात टाका.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं असेल तर महिनाभर आधी तारीख कळवा. ५ च्या संध्याकाळपासूनच दादर माणसांनी भरून जातं. त्या दिवशी दादर परिसरात प्रयोग किंवा तालीम असेल तर तुमच्याबरोबर बाकीच्यांनाही वेळेत पोचणं अवघड जातं, हे दिग्दर्शकाला आधी सांगितलंत तर तारीख बदलूही शकते.

प्रश्न : एका ज्योतिषांनी नावात एक इंग्रजी अक्षर वाढवायला आणि ग्रहांची शांत करायला सांगितलंय. खर्च ३५ हजार. शिवाय एका कास्टिंगवाल्याने ‘रजिस्ट्रेशन’साठी १५ हजार मागितलेत. दोन्ही मिळून कर्ज काढू का? — एक वाचक, अकोला

काढू नका. पंधरा हजारांचं आधी पाहू. कास्टिंगचं काम करणाऱ्याला निर्मात्याकडून पैसे मिळतात. नटाकडून ऑडिशनचे, रजिस्ट्रेशनचे, ‘आर्टिस्ट कार्ड’चे पैसे मागणारा माणूस कास्टिंग करत नाही, तो पैसे गोळा करतो. ऑडिशनला लागतं ते एवढंच : साध्या भिंतीपुढे, खिडकीचा उजेड समोरून घेऊन, मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून काढलेला परिचयाचा व्हिडिओ. त्यात नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, भाषा, मग डावी-उजवी बाजू आणि दोन्ही हात. शिवाय फिल्टर न लावलेले पाच-सहा फोटो. हे मित्राच्या मदतीने फुकटात होतं.

नावाचं म्हणाल तर, पडद्यावर वेगळं स्पेलिंग लावायला हरकत नाही, श्रेयनामावलीत ते तुम्ही सांगाल तसं येतं. पण करार, पॅन, बँक खातं यांवरचं नाव तेच ठेवा. नवं स्पेलिंग करारावर गेलं की पैसे अडकतात, आणि कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर दिसत नाही. नटाच्या मानधनातून साधारण दहा टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, आणि नवख्या कलाकारासाठी ती रक्कम लहान नसते. कायमचं नाव बदलायचंच असेल तर राजपत्रातून बदलून घ्या आणि मग सगळी कागदपत्रं एका दमात बदला.

आणि शांत. मनाला धीर हवा असेल तर घरच्या भटजींना बोलवा, सव्वा रुपया आणि नारळ देऊन देवापुढे बसा. काम न मिळण्याची भीती घालून जो आकडा सांगतो, त्याला तुमच्या देवाशी घेणंदेणं नाही. मालिकेच्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी येण्याची रीत आहे. जूनमध्ये काम केलंत तर सप्टेंबर उजाडतो. ते ५० हजार भाड्यासाठी आणि डब्यासाठी जपून ठेवा.

प्रश्न : गौरी-गणपतीला गावी जायचंय. सुट्टी कधी मागावी? — एक वाचक, सावंतवाडी

दोन महिने आधी, आणि नेमक्या तारखा देऊन. ‘गणपतीत चार-पाच दिवस’ असं मोघम सांगितलं तर ती सुट्टी मिळाली असं धरू नका. रोजच्या मालिकेत भागांची थोडीच शिल्लक असते. लेखकाला वेळेत कळलं तर ट्रॅक तसा वळवता येतो. रेल्वेचं आरक्षणही आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी तारखा पक्क्या करून घ्या. नाटकवाल्यांनी मात्र सुट्टीच्या दिवसांत प्रयोग जास्त लागतात हे धरून चालावं. तुमच्या जागी उभा राहणारा नट तालमीसह तयार असेल तरच जाता येईल. रिप्लेसमेंट तयार करायला निदान आठ-दहा तालमी लागतात, आणि त्या प्रयोगाची नाइट, म्हणजे मानधन, त्याला मिळते, हेही गृहीत धरा.

प्रश्न : आमच्या प्रायोगिक नाटकाचा पहिला प्रयोग आहे. नटराजपूजन आणि नारळ कसा आणि कधी करावा? ग्रुपमधले दोघे पूजा मानत नाहीत. — एक वाचक, नाशिक (सध्या डोंबिवली)

प्रयोगाच्या तासभर आधी, मेकअपला बसण्यापूर्वी. अंगावर पोशाख चढल्यावर हळद-कुंकवाजवळ जाऊ नका, पांढऱ्या कपड्यावर पडलेला डाग प्रयोगाआधी निघत नाही. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा, काही ठिकाणी आत उघडी ज्योत चालत नाही. चालत असेल तर निरांजन आणि कापूर विंगेतल्या टेबलावर, पडद्यांपासून दूर, आणि एका माणसाने तिथून हलायचं नाही. पहिल्या घंटेआधी सगळं शांत झालेलं हवं.

नारळ रंगमंचावर फोडू नये. लाकडी फळ्यांवर पाणी सांडलं की पाय घसरतो, आणि करवंटीची कपची फटीत अडकून राहिली तर ती अनवाणी नटाच्या तळपायातच सापडते. मागच्या दाराबाहेर दगडावर, शेंडी सोडून बाकीचा काथ्या काढून, मध्यावर घाव घाला. पाणी तांब्यात धरा. तुकडे मोजून उचला. फुलं नटराजाच्या पायाशीच ठेवा, पाकळ्या रंगमंचावर उधळू नका, त्याही घसरवतात.

जे दोघे मानत नाहीत त्यांना हात जोडायला लावू नका. पूजेच्या वेळी त्यांनी प्रॉपर्टीचं, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंचं टेबल तपासावं, ते कामही तितकंच गरजेचं असतं. पूजा झाल्यावर सगळ्यांनी मिळून मिनिटभर रंगमंचावर उभं राहावं, ज्याला वाटेल त्याने फळीला हात लावून नमस्कार करावा. त्याला कुणाचीच हरकत नसते.

खोबऱ्याचा प्रसाद प्रयोगानंतर वाटा. आधी खाल्ला तर त्याचा कीस घशात राहतो आणि पहिल्या अंकात ठसका लागतो.